आप्तवाक्य आणि प्रसाधन : सौंदर्यवस्तूंच्या खरेदीतील शब्दप्रामाण्याचा विचार

१

म्हैसूरच्या देवराज मार्केटमध्ये सुगंधी तेले विकणारा दुकानदार कितीही बोलका असला, तरी केवळ आपल्या बोलण्यावर विसंबत नाही. कुपीचे बूच काढून तो तेलाचा एक थेंब गिऱ्हाइकाच्या मनगटावर टेकवतो, बोटाने पसरवतो आणि हात नाकाशी नेण्यास सांगतो. चंदन, मोगरा, केवडा, वाळा असे एकेक थेंब होत जातात आणि थोड्याच वेळात गिऱ्हाइकाची निवड ठरते. या व्यवहारात शब्दाचे काम दुय्यम आहे. निर्णय घ्राणेंद्रिय देते.

याच शहरातील महाविद्यालयीन तरुणी आज लिपस्टिक किंवा फाउंडेशन विकत घेते, तेव्हा पुष्कळदा तिच्या मनगटावर काहीच टेकवलेले नसते. वस्तू कोठल्या तरी दूरच्या गोदामात असते. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा रंग हा त्या वस्तूचा रंग नसून त्या पडद्याने दाखविलेला रंग असतो. वास, स्पर्श आणि टिकाऊपणा यांचा तर पडद्याशी संबंधच येत नाही. मग ती कशावर विसंबते? तीच वस्तू आधी वापरलेल्या कोणा अपरिचित स्त्रीच्या बोलण्यावर, वस्तूच्या चित्राखाली नोंदविलेल्या शेकडो अभिप्रायांवर आणि त्या अभिप्रायांची सरासरी सांगणाऱ्या ताऱ्यांच्या ओळीवर. प्रत्यक्षाची जागा येथे शब्दाने घेतली आहे.

हा बदल बाजारपेठेच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो. परंतु अभिप्राय, परीक्षण, शिफारस आणि स्तुती हे मुळात वाङ्मयीन व्यवहाराचेच प्रकार होत. एखाद्या वाक्यावर श्रोत्याचा विश्वास का बसतो, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. सौंदर्यवस्तूंविषयी बोलणाऱ्या या नव्या वक्त्यांचे शब्द खरेदीवर प्रभाव कसा पाडतात आणि तो प्रभाव कोठपर्यंत विश्वसनीय मानावा, याचा विचार त्या परंपरेच्या साहाय्याने येथे करावयाचा आहे.

२

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. हा आप्त कोण, याचे विवेचन न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने केले आहे. त्याचा आशय असा की, ज्याने विषयाचा साक्षात अनुभव घेतला आहे आणि जो तो विषय जसा पाहिला तसा दुसऱ्यास कळावा अशा इच्छेने बोलतो, तो आप्त. पुढे भाष्यकार असेही नमूद करतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. आप्तत्व हे कुळावर, पदावर किंवा कीर्तीवर अवलंबून नाही. ते अनुभव आणि सांगण्यातील प्रामाणिकपणा या दोन अटींवर अवलंबून आहे.

मीमांसकांनी दुसरी एक संकल्पना दिली आहे, ती अर्थवादाची. विधिवाक्य माणसाला कृतीस प्रवृत्त करते. अर्थवाद त्या विहित गोष्टीची स्तुती करून विधीला बळ पुरवतो. अर्थवादाचे तात्पर्य विधीत असते, त्याच्या शब्दशः अर्थात नव्हे. आधुनिक जाहिरातीची रचना याहून फारशी वेगळी नाही. ‘विकत घ्या’ हा तिचा विधी. बाकीचे सारे स्तुतिपर.

जाहिरात हा अर्थवाद आणि परीक्षण हे आप्तवाक्य, असा भेद वाचकाच्या मनात असतो. जाहिरातीतील स्तुती तो ऐकतो, पण तिला प्रमाण मानीत नाही. परीक्षणाला मात्र तो प्रमाण मानतो. सौंदर्यवस्तूंच्या आजच्या बाजारातील सामर्थ्य या भेदातून निर्माण झाले आहे, आणि त्यातील धोकाही याच भेदातून निर्माण झाला आहे.

३

वस्तूला साक्षीदार मिळवून देण्याची रीत नवी नाही. म्हैसूरचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाची युरोपकडे होणारी निर्यात खंडित झाली आणि लाकूड पडून राहिले. नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत, दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने, चंदनतेल संस्थानातच काढण्याचे ठरले. १९१६ मध्ये तेलाच्या सरकारी उद्योगास आरंभ झाला आणि १९१८ मध्ये बंगळूर येथे साबणाचा सरकारी कारखाना निघाला. हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे धड असलेल्या शरभाची मुद्रा त्या साबणावर आली. ‘म्हैसूर सँडल’ या नावातच साक्ष होती. अरण्य संस्थानाचे, तेल संस्थानाचे आणि कारखानाही संस्थानाचा असल्यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने शासन हेच आप्त होते.

त्याच काळात साहित्यिकांनाही साक्षीदार म्हणून बोलाविले जाऊ लागले. कलकत्त्याचे उद्योजक हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या नावाने १८९६ मध्ये कथास्पर्धा सुरू केली. तिची अट साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कथेत कुंतलीन तेलाचा आणि ‘देलखोश’ या अत्तराचा उल्लेख आला पाहिजे, पण ती कथा जाहिरात वाटता कामा नये. पहिल्या वर्षीचे पारितोषिक जगदीशचंद्र बोस यांच्या ‘निरुद्देशेर काहिनी’ या कथेस मिळाले. तीत समुद्रावरील तुफान केशतेलाच्या बाटलीने शमते. बंगाली विज्ञानकथेच्या आरंभीच्या टप्प्यातील ही कथा अशा रीतीने एका तेलाच्या प्रसिद्धीसाठी जन्मास आली. पुढे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘मंदिर’ या कथेसही हेच पारितोषिक मिळाले. ज्याला आज प्रायोजित मजकूर म्हणतात, त्याचे तत्त्व या स्पर्धेत पूर्णपणे सिद्ध झालेले दिसते. वस्तूचा उल्लेख असावा, मोबदला असावा, पण हेतू दिसू नये. स्वदेशीच्या काळात रवींद्रनाथांचा अभिप्रायही गोदरेजच्या साबणाच्या जाहिरातीत झळकला. तेथे मात्र हेतू उघड होता. देशी वस्तूचा पुरस्कार हे कवीचे जाहीर मत होते.

मराठी प्रदेशात हे स्थान प्रथम रंगभूमीने घेतले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून स्त्रिया लुगडे नेसण्याची आणि केसांत गजरा माळण्याची तऱ्हा उचलीत. साबण, पावडर यांसारख्या वस्तूंच्या जाहिरातींत त्यांची छबी वापरली जात असे. स्त्रीने कसे नटावे याचा मानदंड एका पुरुष नटाने ठरवावा, ही गोष्ट त्या समाजाला विपरीत वाटली नाही, कारण प्रसाधनातील त्यांचे कौशल्य प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होते. त्यानंतर चित्रपट आला. धारवाड येथे जन्मलेल्या मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्यापूर्वी या जाहिरातींत हॉलिवूडच्या तारका दिसत. भारतीय तारकांमध्ये हा मान लीलाबाईंना प्रथम मिळाला, असे चित्रपटेतिहासात नोंदले गेले आहे.

या सर्व उदाहरणांत साक्षीदार श्रोत्याहून वरच्या पायरीवर उभा आहे. तो राजा असेल, महाकवी असेल किंवा तारका असेल. त्याच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या कीर्तीमुळे. साबण त्याने खरोखर वापरला आहे काय, हा प्रश्न ग्राहक फारसा विचारीत नाही. त्याच्या कांतीत सहभागी होण्याची इच्छा हीच खरेदीची प्रेरणा असते. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे कीर्तीलाच आप्तत्व समजण्यात आले होते.

४

ब्यूटी ब्लॉगर आणि परीक्षण करणाऱ्या स्त्रिया यांनी ही पायरी काढून टाकली. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि २००७ पासून अमेरिकेतील मिशेल फान हिच्या प्रसाधनाच्या ध्वनिचित्रफिती तेथे गाजू लागल्या. आपल्या खोलीत आरशासमोर बसून, एकेक कृती सावकाश करीत, शेजारणीशी बोलावे तसे बोलण्याची ती रीत जगभर पसरली. भारतात २०१२ मध्ये फाल्गुनी नायर यांनी मुंबईत ‘नायका’ ही सौंदर्यवस्तूंची पेढी स्थापन केली. ग्राहकांचे अभिप्राय, तारे आणि छायाचित्रे हा अशा दुकानांचा अविभाज्य भाग ठरला. स्वस्त मोबाइल आणि इंटरनेट यांमुळे हिंदी, तमिळ, कन्नड आणि मराठी या भाषांतही अशी परीक्षणे विपुल होऊ लागली.

या परीक्षणाचा प्रभाव तीन गोष्टींवर उभा आहे.

पहिली गोष्ट साधर्म्याची. वक्ती ही श्रोत्यासारखीच असते. वधूवरांच्या जाहिरातींनी मराठीत त्वचेच्या वर्णाची एक श्रेणी रूढ केली आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ आणि सावळी हे शब्द तेथे केवळ वर्णन करीत नाहीत, ते मुलीचे मोल सुचवतात. प्रसाधनवस्तूंच्या जाहिरातींनीही दीर्घकाळ गोऱ्या कांतीचाच चेहरा दाखविला. भारतात १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये काढला. सावळ्या स्त्रीला आपल्या वर्णाशी जुळणारी फाउंडेशनची छटा मिळणे कठीण होते, आणि कोणती छटा जुळेल हे जाहिरातीतून कळण्याचा मार्गच नव्हता. २०१७ मध्ये ‘फेंटी ब्यूटी’ने एकदम ४० छटा बाजारात आणल्या, तेव्हा या उणिवेची जाणीव सर्वत्र झाली. परीक्षण करणाऱ्या सावळ्या मुलीने ‘माझा रंग असा आहे आणि मला ही छटा लागते’ असे सांगितले, तेव्हा ‘सावळा’ हा शब्द उणिवेचा न राहता मापाचा झाला. मोलाकडून मापाकडे झालेले हे अर्थांतर लहान नाही. या वक्त्यांविषयी कोणतेही टीकात्मक विधान करण्यापूर्वी त्यांचे हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. लिपस्टिकच्या रेघा मनगटाच्या आतील बाजूस ओढून दाखविल्या जातात. त्यांना ‘स्वॉच’ म्हणतात. सकाळी लावलेले फाउंडेशन दुपारी कसे दिसते, चहाच्या कपावर रंग उतरतो की नाही, घाम आल्यावर चेहरा पांढरट पडतो की नाही, हे कॅमेऱ्यासमोर दाखविले जाते. देवराज मार्केटमधील तेलाचा थेंब येथे दुसऱ्याच्या मनगटावर टेकवला जातो आणि प्रेक्षक तो दुरून पाहतो. हे प्रत्यक्ष नव्हे. पण प्रत्यक्षाचा भास निर्माण करणारे शब्दप्रमाण आहे. या निमित्ताने मराठी बोलीतील एक शब्दसंपदा नव्या कामाला लागली आहे. रंग ‘बसतो’, ‘टिकतो’, ‘फाटतो’, क्रीम ‘चोपडल्यासारखे’ वाटते, ओठ ‘ओढल्यासारखे’ होतात, पावडर ‘भुरभुरते’. ‘शेड’, ‘मॅट’, ‘प्रायमर’ हे शब्द इंग्रजीतून आले असले, तरी अनुभव सांगणारी क्रियापदे मराठीच राहिली आहेत. नाव वस्तूबरोबर आयात होते, पण संवेदना आपल्या भाषेतच बोलते, असे यावरून म्हणता येईल.

तिसरी गोष्ट दोषदर्शनाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. जाहिरातीत दोष नसतो. परीक्षणात तो असावाच लागतो. ‘रंग छान आहे, पण ओठ कोरडे पडतात’ या वाक्यातील उत्तरार्धामुळे पूर्वार्ध विश्वसनीय होतो. निंदेचे हे सामर्थ्य पुस्तकांच्या बाबतीत मोजलेही गेले आहे. ज्युडिथ शेव्हॅलिए आणि दीना मेझलिन यांनी ॲमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल या दोन विक्रेत्यांकडील पुस्तकांवरील वाचकांच्या अभिप्रायांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या अभिप्रायांनी पुस्तकाची सापेक्ष विक्री वाढते, असे त्यात आढळले; परंतु एक तारा देणाऱ्या अभिप्रायाचा परिणाम पाच तारे देणाऱ्या अभिप्रायाच्या परिणामाहून मोठा होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. पाच तारे लेखकाचे मित्रही देऊ शकतात, ही शंका वाचकाला असते. लिपस्टिक निवडणारी तरुणी आणि ग्रंथ निवडणारा वाचक या बाबतीत एकाच रीतीने विचार करतात.

५

दोषदर्शनामुळे विश्वास उत्पन्न होतो हे एकदा कळले, की दोषदर्शनाचेही तंत्र होते. परीक्षणाचा व्यवहार आता जाहिरातीच्या अर्थकारणात पूर्णपणे गुंतलेला आहे. उत्पादक आपल्या वस्तू परीक्षणकर्तीस विनामूल्य पाठवितो. काही वेळा ठरावीक रक्कम देऊन तिच्याकडून ध्वनिचित्रफीत करवून घेतो. काही वेळा तिला सवलतीचा एक सांकेतिक शब्द किंवा खूण असलेला दुवा दिला जातो. त्या दुव्यावरून झालेल्या प्रत्येक खरेदीमागे तिला दलाली मिळते. या शेवटच्या पद्धतीत वक्तीचा लाभ श्रोत्याच्या खरेदीशी थेट बांधला जातो. ती खोटे बोलेलच असे नव्हे; परंतु ‘घेऊ नका’ असे सांगण्याची किंमत तिला स्वतःलाच मोजावी लागते. जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा ही आप्तत्वाची दुसरी अट येथे ताणली जाते.

ग्राहकांचे निनावी अभिप्रायही निर्दोष राहिलेले नाहीत. अमेरिकेतील ‘संडे रायली’ या सौंदर्यवस्तूंच्या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये कारवाई केली. कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी खोटी खाती उघडून ‘सेफोरा’च्या संकेतस्थळावर आपल्याच वस्तूंची स्तुती लिहिली, असा तो आरोप होता, आणि हा प्रकार २०१५ ते २०१७ या काळात चालला होता. अर्थवादाने आप्तवाक्याचा वेष घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतातील नियमांनी या वेषांतरावरच बोट ठेवले आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरातक्षेत्राच्या स्वनियामक संस्थेची इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व पुरस्कार यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुरस्कर्त्याने दिलेले मत त्याचे स्वतःचे व खरे असावे आणि ते वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे, असे त्यांत म्हटले आहे. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी, त्याचे नाव न घेता, या सरकारी मसुद्यात जवळजवळ जशाच्या तशा आल्या आहेत. पुरस्कर्ता आणि उत्पादक यांच्यात आर्थिक किंवा अन्य महत्त्वाचा संबंध असल्यास तो जाहीर करणेही बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या पुरस्कर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रथम एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत पुरस्कार करण्यास मनाईही करता येते. पुरेशी शहानिशा केल्याचे दाखविणाऱ्या पुरस्कर्त्यास मात्र या दंडापासून सूट आहे.

जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या सूचनांत एक मुद्दा भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावा असा आहे. संबंधाची कबुली ज्या भाषेत पुरस्कार केला त्याच भाषेत द्यावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मराठीत बोलणाऱ्या वक्तीने शेवटी इंग्रजीतील एखादे बारीक संक्षिप्त अक्षर ठेवून भागत नाही. ‘ही जाहिरात आहे’ हे तिने मराठीत सांगावयास हवे. विश्वास ज्या भाषेत मागितला, कबुलीही त्याच भाषेत, हा न्याय सरळ आहे. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. ते स्वेच्छेने पाळावयाचे मानक म्हणून आले.

६

येथवरचा विचार प्रामाणिकपणाचा झाला. वक्ती पूर्णपणे प्रामाणिक असेल, तिने कोणाकडून एक पैसाही घेतला नसेल, वस्तू स्वतः महिनाभर वापरली असेल आणि जसे पाहिले तसेच सांगितले असेल, तर तिचे वाक्य प्रमाण मानावे काय? सामान्यतः याचे उत्तर होकारार्थी दिले जाते. परंतु अलीकडे वैद्यकीय क्षेत्रातून पुढे आलेले एक प्रकरण या उत्तराबद्दल सावध करणारे आहे.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील एका रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञांना मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या विकाराचे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक दिसू लागले. या विकारात मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा होऊन लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात आणि अंगावर सूज येते. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी अशा २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित असा विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. हा अभ्यास पुढे ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा क्रीममधील पाऱ्याकडे संशयाचे बोट गेले. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने सौंदर्यवस्तूंच्या तपासणीची मोहीमही हाती घेतली.

पारा त्वचेतील कृष्णद्रव्य तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. म्हणून पारा असलेले क्रीम लावल्यावर चेहरा खरोखरच उजळतो. ‘मला गुण आला, तुम्हीही लावून पहा’ असे सांगणारी स्त्री खोटे बोललेली नसते. तिने अनुभव घेतलेला असतो आणि ती सद्‌भावनेने सांगत असते. आप्ताच्या दोन्ही अटी ती पूर्ण करते. तरीही तिचे वाक्य ऐकणाऱ्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, कारण वस्तूतील निर्णायक गोष्ट आरशात दिसत नाही.

न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणाचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन प्रकार केले आहेत. तेथे अदृष्ट म्हणजे स्वर्गादी विषय. परंतु हा भेद थोड्या वेगळ्या अर्थाने येथे उपयोगी पडतो. रंग, पोत, वास आणि टिकाऊपणा हे सौंदर्यवस्तूचे दृष्ट विषय होत. त्यांबाबत आपल्यासारख्याच वर्णाच्या प्रामाणिक स्त्रीचा अभिप्राय हे उत्तम प्रमाण आहे. कोणत्याही तारकेपेक्षा ते श्रेष्ठ आहे. घटकद्रव्ये, विषारीपणा आणि दीर्घकालीन परिणाम हे अदृष्ट विषय होत. त्यांबाबत हजारो अभिप्रायांची सरासरी काढली तरी ज्ञान वाढत नाही, कारण त्या हजारांपैकी एकीनेही ती गोष्ट पाहिलेली नसते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष संख्येने बळकट होत नाही.

अदृष्ट विषयांसाठी वेगळा आप्त लागतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरावयाच्या वस्तूंत पाऱ्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ७० भागांहून अधिक चालत नाही आणि इतर वस्तूंत, तेही नकळत आलेले, दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. हे प्रयोगशाळेतच कळू शकते. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकद्रव्यांची यादी वेष्टनावर छापण्याचे बंधन याचसाठी आहे. वेष्टनावरील हा कोरडा, बारीक टाइपातील मजकूर कोणी आवडीने वाचीत नाही. त्याला आवाज नाही, चेहरा नाही, शेजारणीची आपुलकी नाही. तरीही अदृष्टाविषयी त्या वेष्टनावरचा सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे.

७

म्हैसूर सँडलच्या इतिहासातील अलीकडची घटना या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. २००६ मध्ये या साबणासाठी क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांना करारबद्ध करण्यात आले होते. मे २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने अभिनेत्री तमन्ना भाटिया यांची दोन वर्षांसाठी ६ कोटी २० लाख रुपये देऊन निवड केली. कन्नड अभिनेत्रीस का निवडले नाही, असा प्रश्न उपस्थित होऊन मोठा वाद झाला. राज्याबाहेरची बाजारपेठ मिळविणे हा हेतू असल्याचे उद्योगमंत्री एम. बी. पाटील यांनी सांगितले आणि निवडीच्या निकषांत समाजमाध्यमांवरील अनुयायांचाही उल्लेख केला. जो साबण कधी केवळ संस्थानाच्या नावावर विकला जात होता, त्याच्या साक्षीदाराचे वजन आता अनुयायांच्या संख्येत मोजले जाऊ लागले.

त्या वादात भाषेची अस्मिता होती, पैशाचा हिशेब होता. साक्षीदार बदलल्याने साक्षीचा विषय बदलतो काय, हा प्रश्न मात्र फारसा पुढे आला नाही. तारका साबणाला ओळख देऊ शकते. परीक्षण करणारी तरुणी तो कोरड्या त्वचेला कसा लागतो हे सांगू शकते. त्यातील चंदनतेल किती आणि कसे, हे या दोघींपैकी कोणीच सांगू शकत नाही. तिघांची कामे वेगळी आहेत. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा प्रयत्न झाला, की ग्राहक फसतो, आणि तो फसविला गेला आहे असे प्रत्येक वेळी म्हणताही येत नाही.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना या विषयात काही कर्तव्य आहे. परीक्षण कसे वाचावे हे त्यांचे विद्यार्थी काव्याच्या आणि कादंबरीच्या संदर्भात शिकतात. पण त्या विद्यार्थ्यांनी दिवसभरात वाचलेली बहुतेक परीक्षणे साबण, क्रीम आणि लिपस्टिक यांची असतात. वक्त्याने काय पाहिले आहे, सांगण्यात त्याचा लाभ कोणता, आणि जे सांगितले ते पाहण्याने कळण्याजोगे आहे काय, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू आहेत. पहिल्या दोहोंची सवय समीक्षेने लावली आहे. तिसऱ्याची सवय अद्याप लागावयाची आहे.

देवराज मार्केटमधील मनगटावरच्या थेंबालाही हा तिसरा प्रश्न विचारावा लागतो. थेंबाने सुवास कळतो. तेल शुद्ध चंदनाचे आहे की त्यात दुसरे काही मिसळले आहे, हे सराईत नाकालाही नेहमी कळत नाही. सँटलॉलचे प्रमाण प्रयोगशाळेतच मोजावे लागते. शंभर वर्षांपूर्वी संस्थानाने तेलाच्या जोडीला आपली मुद्रा दिली, ती ग्राहकाच्या नाकावर अविश्वास म्हणून नव्हे. नाकाचे काम जेथे संपते, तेथून पुढे कोणी तरी उत्तरदायी असावे लागते.